शाया, काया, वाया : वऱ्हाडातल्या सायफरची गोठ

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि मागून तीनदा वाजलेली कुकरची शिट्टी काढली आहे. बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आज पाहुणा कोणी नाही. आज मीच बोलणार आहे आणि मधूनमधून वऱ्हाडीत घसरणार आहे. अडलं तर दहा सेकंद मागं घ्या, नाहीतर एखाद्या अकोल्या-अमरावतीच्या मित्राला विचारा. प्रत्येकाच्या ऑफिसात एक तरी असतोच.

मी अमरावतीचा. बीटेक तिथंच केलं, आता पुण्यात कोड लिहितो. वय २८. दिवाळी, होळी आणि कोणाचं तरी लग्न, एवढ्यासाठी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून घरी जातो. आणि घरी गेलो की रविवारी संध्याकाळी नेहरू मैदानाच्या कडेला एक गोल भरतो, तिथं जातो. दहा-बारा पोट्टे, एक मोबाईलचा स्पीकर, त्याचं चार्जिंग संपलं तर एक बीटबॉक्स करणारा. मधे कोणी नाही. बीट सुरू, आणि ज्याला सुचेल तो बोलतो. दुसरा तिथून उचलतो. याला म्हणतात सायफर.

सायफर हा शब्द मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचला. सीझर सायफर, अक्षरं तीन घरं पुढं सरकवायची, वगैरे. परीक्षेत सात मार्कांना यायचं. रॅपवाले हाच शब्द गोलासाठी वापरतात हे कळलं तेव्हा वाटलं, दोन वेगळे शब्द असतील. नाहीत. मूळ आपलं 'शून्य'. त्याचा अर्थ घेऊन अरबीत 'सिफ्र' झालं आणि तिथून युरोपात जाऊन 'सायफर' आणि 'झीरो' ही दोन्ही भावंडं जन्मली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९६० च्या दशकात फाइव्ह पर्सेंटर्स नावाचा एक कृष्णवर्णीयांचा पंथ निघाला. त्यांनी प्रत्येक अक्षराला एक अर्थ दिला होता, आणि इंग्रजीतल्या 'ओ' या गोल अक्षराला ते सायफर म्हणायचे. त्यांच्यातले पुष्कळ जण पुढं हिप-हॉपमध्ये आले आणि गोल करून उभं राहण्याला तेच नाव पडलं. म्हणजे आपण नेहरू मैदानावर उभे राहतो ते शून्यातच. (हा विनोद मी तिथं सांगितला होता. कोणी हसलं नव्हतं.)

हिप-हॉपचा जन्म वगैरे तुम्हाला माहीतच असेल. ११ ऑगस्ट १९७३, ब्राँक्स, डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत वाजवलेले रेकॉर्ड. ते सोडू. एक गोष्ट मात्र सांगतो, कारण पुढं लागणार आहे. 'फ्रीस्टाइल' म्हणजे जागच्या जागी रचलेलं, असं आपण समजतो. सुरुवातीला तसं नव्हतं. १९८० च्या दशकातल्या रॅपरांसाठी फ्रीस्टाइल म्हणजे लिहिलेलंच, पण कुठल्याही एका विषयाला न बांधलेलं. जागेवर सुचलेल्याला ते 'डोक्यातून' म्हणायचे. आज सायफरमध्ये लिहून आणलेलं म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. ही सक्ती नंतरची आहे. पण सक्ती आहे, आणि माझ्यावर ती कशी शेकली ते सांगायला आज बसलोय.

आता अमरावतीत रॅप कुठून आला म्हणाल, तर आमच्या पिढीला वाटतं २०१९ च्या 'गली बॉय'मधून. थोडंफार खरंय. पिक्चर पाहून आलेले आम्ही सगळे महिनाभर मुंबईच्या टपोरी हिंदीत बोलत होतो. राजकमल चौकात गिला वडा खात 'अपुन' म्हणायचो. आठवलं की लाज वाटते. कोणत्या गल्लीत वाढलो होतो आम्ही? पण आमच्याच गावचा सौरभ अभ्यंकर, तुम्ही त्याला १०० आरबीएच म्हणून ओळखता (शंभर म्हणजे सौ, पुढं आरबीएच, वाचा मोठ्यानं), तो मुंबईच्या स्वदेसी या गटात आला आणि २०२३ मध्ये एमटीव्ही हसलच्या तिसऱ्या सीझनमध्ये देशभर दिसला. तेव्हा पोट्ट्यांच्या डोक्यात पहिल्यांदा बसलं, की अमरावतीहूनही हे होतं. अमरावती सांगितल्यावर 'ते नेमकं कुठं आलं?' हा प्रश्न तेवढा एक सीझन तरी कमी झाला.

मात्र गोल करून बोलणं आमच्याकडं त्याच्याही आधीचं आहे, फक्त त्याला बीट नव्हती. आजी सांगायची, पहाटे जात्यावर दोघी बसायच्या. एकीनं ओवीची ओळ टाकायची, दुसरीनं पूर्ण करायची. जातं थांबलं नाही पाहिजे, म्हणजे ओळही थांबली नाही पाहिजे. काय सुचेल ते: माहेर, भाऊ, सासूचा बारीक चिमटा. लिहून ठेवणार कोण, हात दांड्याला होते. लग्नात नाव घ्यायला लावतात तेही तेच. सगळे टपलेले, वेळ नाही, नवऱ्याचं नाव यमकात बसलंच पाहिजे.

आणि गाडगे बाबा. १८७६ मध्ये आमच्याच जिल्ह्यात शेंडगावला जन्म, वाढले मूर्तिजापूरजवळ मामाकडं, म्हणजे अमरावती-अकोला दोन्हीकडचे. त्यांच्या शेवटच्या काळातल्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण यूट्यूबवर आहे, ऐका. हातात पोथी नाही. बाबा लोकांना प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. गर्दी 'हो' म्हणाली तर एक रस्ता, 'नाही' म्हणाली तर दुसरा. आणि बोली ठेठ वऱ्हाडी. मुंबईत बोलतानासुद्धा वऱ्हाडी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आता गेल्याच्या गेल्या दिवाळीचा तो रविवार.

मी पुण्याहून आलेलो, नवे शूज, फोनमध्ये नोट्स. नोट्समध्ये १६ बार लिहून पाठ केलेले. हिशेब सांगतो: ९० च्या वेगाची बीट असेल तर चार ठोक्यांचा एक बार साधारण २.७ सेकंदांत संपतो. सोळा बार म्हणजे त्रेचाळीसेक सेकंद. एवढ्यात दर दोन ओळींना यमक यायला हवं. जे खरोखर जागेवर करतात ते उलटं चालतात. शेवटचा शब्द आधी पकडतात आणि मग तिथपर्यंत पोचणारी ओळ भरतात. म्हणजे तोंडातून पहिली ओळ जात असताना डोकं तिसऱ्या ओळीच्या टोकावर बसलेलं असतं. मला ते तेव्हा जमत नव्हतं. मी तयारी करून गेलो होतो, जसा डेमोला जातो तसा.

समोर एक पोरगा होता, दर्यापूरकडचा. अमरावतीत रूम करून शिकतो. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातला तो सगळा भाग, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा, जिथं जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खणली तरी प्यायला उपयोग नाही. तर हा बोलायचा पक्क्या वऱ्हाडीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वऱ्हाडीत 'ळ'चा पुष्कळदा 'य' होतो. डोळे नाही, डोये. केळं नाही, केयं. शाळा नाही, शाया. तो त्याच्या शायेबद्दल काहीतरी बोलला, पोट्टे डोलत होते, आणि माझी पाळी आली. नोट्समधलं सुरू करायच्या आधी मला चक्क दोन ओळी सुचल्या. आयुष्यात पहिल्यांदा जागेवर सुचल्या. आणि त्या अशा सुचल्या:

शाळेला म्हणे शाया, काळ्याला म्हणे काया,
आधी भाषा शिक रे भावा, वेळ नको घालवू वाया!

हशा पिकला. खोटं कशाला बोलू, मस्त वाटलं. दोन सेकंद मी राजा होतो.

पोरगा हलला नाही. मान खाली घालून एक बार जाऊ दिला, रिकामा. मग डोकं वर केलं:

शाया म्हन का शाळा म्हन, फी तं भराच लागते,
खाऱ्या पान्याच्या गावात माय घागरीसाठी जागते.
माह्यावर हास तू दादा, पन एक गोठ सांग मले,
यमक माह्या बोलीतून चोरलं, थे पचीन काय तुले?

मंडळी, हे समजायला मला दोन सेकंद लागले. गोलाला एकही लागला नाही, तिथं आरडाओरडा सुरू झाला. माझी ओळ परत म्हणून बघा. शाळा, काळा आणि वाया. प्रमाण मराठीत यमक जुळत नाही. जुळतं कधी? शाया, काया, वाया म्हटल्यावर. मी ज्या उच्चाराला हसत होतो त्याच्याच खांद्यावर माझी ओळ उभी होती. आणि हे त्यानं पावणेतीन सेकंदांच्या रिकाम्या बारमध्ये पकडलं होतं. असा कोड रिव्ह्यू मला पुण्यात कोणी दिला नाही.

पुन्हा माझी पाळी. डोकं कोरं. मग मी काय केलं, तर नोट्समधलं पाठ केलेलं सुरू केलं. सिस्टीम, स्ट्रगल, सपने. चौथ्या बारला मागून कोणीतरी ओरडलं, "लिहेल हाय बे!" कसं ओळखलं विचाराल, तर सोपं आहे. तो मला एवढं बोलला होता आणि माझ्या ओळींत त्याचं उत्तर नव्हतं. लिहून आणलेल्या ओळीला समोरच्याचं ऐकू येत नाही. मी सातव्या बारला थांबलो, पाणी प्यायला गेलो, आणि पाणी बराच वेळ पीत राहिलो.

इथपर्यंत ही मजेची गोष्ट आहे. पोरगा जिंकला, मी हरलो, सायफरमध्ये हे रोज होतं. पण पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी तेव्हा पुण्यात परत आलो होतो, ग्रुपवर विचारलं. आमच्यात एक जण आहे, वयानं मोठा, आम्ही त्याला नुसतं भाऊ म्हणतो. त्यानं फोन केला. म्हणाला, "तुह्यावर राग नाई त्याचा. पन तुले म्हाईत हाय काय, मागच्या महिन्यात त्याचा इंटरव्ह्यू झाला. थो 'मले' म्हनला अन् समोरचे दोघं हासले. मंग त्याले काईच बोलता नाई आलं. अन् आता तू बी तेच केलं, अन् तू तं आपला."

फोन ठेवला आणि मला माझं आठवलं. नोकरीचा पहिला महिना, सकाळची मीटिंग, मला विचारलं काम कुठवर आलं. मी म्हणालो, "करून राहिलो." आमच्याकडं 'करतोय'ला असंच म्हणतात. एक सहकारी म्हणाला, "करून कुठं राहिलास? रूम मिळाली का?" सगळे हसले, मीही हसलो. वाईट माणसं नव्हती ती, आजही त्यातले दोघं मित्र आहेत. पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य एकदा तपासतो. मले नाही, मला. काऊन नाही, का. हाव नाही, हो. सहा वर्षं झाली. आता घरी आईशी फोनवर बोलतानाही आधी 'मला' येतं, आणि आई एक क्षण गप्प होते.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १२ फ्रीस्टाइल रॅपरना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं. त्याच बीटवर एकदा पाठ केलेलं म्हणायला लावलं आणि एकदा जागेवर रचायला. रचताना मेंदूच्या पुढच्या भागातला मधला तुकडा, जिथून आपण आपल्या मनानं काही करायला निघतो, तो जास्त कामाला लागलेला दिसला. आणि त्याच भागातला बाजूचा तुकडा, जो देखरेख ठेवतो, तो शांत झाला. हा पेपर वाचला आणि मी लॅपटॉप बंद केला. माझा देखरेखवाला सहा वर्षं चोवीस तास ड्युटीवर होता. मला फ्रीस्टाइल कशी येणार?

त्यानंतर ग्रुपवर नियमांची चर्चा झाली. आई-बहीण नको हे आधीच होतं. जात नको, हेही होतं. आमच्या गोलात म्हणून तर कोणी आडनाव सांगत नाही, आडनावावरून पुढचं सगळं कळतं आपल्याकडं. भाऊ म्हणाला, बोलीवर हसणं पण नको. यावर मात्र जोरात वाद झाला. बॅटलमध्ये समोरच्याची फजिती करायची नाही तर काय आरती करायची, असं अर्ध्या पोट्ट्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. बॅटल म्हणजे खेचाखेचीच. मी म्हणालो, तुम्ही ठरवा, माझं तोंड नाही यावर बोलायला. शेवटी नियम असा काहीच झाला नाही. फक्त मुंबईची हिंदी कमी झाली. कोणी ठरवलं नव्हतं, त्या पोराच्या चार ओळी सगळ्यांच्या फोनमध्ये होत्या एवढंच. रेकॉर्डिंग कोणी केलं होतं देव जाणे. आणि वऱ्हाडीत आल्यावर पोट्ट्यांच्या लक्षात आलं, की यमकाचं दुकानच उघडलंय. माळा-माया-वाया, डोये-होये, मले-तुले-कायले. सुरेश भट अमरावतीत जन्मले. नव्या लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी गझलेची बाराखडी लिहून ठेवली, त्यात काफिया म्हणजे काय ते समजावलंय. आमच्या एकानं ती ग्रुपवर टाकली. रॅपवाल्यांनी ती वाचावी, खरंच. काफिया ज्याला कळला त्याला दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचं यमक परदेशी व्हिडिओ बघून शिकावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे. आमच्या गोलात मुली नाहीत. जात्यावरच्या ओव्या बायकांच्या, उखाणे बायकांचे, आणि सायफर पोट्ट्यांचा. एक जण दोनदा भावासोबत आली होती, चांगली बोलली. मग आठ वाजले, अंधार पडला, घरून फोन आले. आता आम्ही पाच वाजता सुरू करतो. अजून तरी ती परत आलेली नाही.

होळीला घरी आलो तेव्हा अकोल्याच्या पोट्ट्यांनी बोलावलं होतं. बडनेऱ्याहून ८० किलोमीटर, कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव करत गाडी जाते. डब्यात तो पोरगा होता. अकोल्याला येऊन, येताना मूर्तिजापूरला उतरून गावी जाणार होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ना दादा," आणि खिडकीबाहेर बघत बसला. म्हणजे काही मिटलं नव्हतं. ऊन असं, की खिडकीची सळई हाताला चटका देत होती.

अकोल्यात मोर्णेच्या बाजूला गोल भरला. माझी पाळी आली. 'एट माइल' नावाचा २००२ चा पिक्चर आहे, त्यात शेवटच्या बॅटलला हिरो स्वतःचीच सगळी लाज आधी सांगून टाकतो, समोरच्याला बोलायला काही ठेवतच नाही. ते डावपेच म्हणून करतो. मला डाव वगैरे सुचला नव्हता. मला फक्त दुसरं काही सुचत नव्हतं:

पुन्यात बोललो 'करून राह्यलो', सारेच्या सारे हासले,
तवापासून जिभीवर माह्या दोन-दोन ताले बसले.
एक ताला त्याहीनं लावला, एक मीनंच लावला,
अन् दर्यापूरच्या पोट्ट्यावर मंग राग सारा काढला.

शेवटचं यमक लंगडं आहे, मला माहीत आहे. चौथी ओळ बीटच्या बाहेरही गेली. पण तपासून बोललो नाही, एवढं नक्की, कारण तपासली असती तर ती ओळ तशी जाऊ दिली नसती. आरडाओरडा वगैरे झाला नाही. दोघं-तिघं "हाव, हाव" म्हणाले.

पोरानं उत्तर दिलं नाही. त्यानं 'ताला' उचलला. तालावरून चावीवर गेला, चावीवरून गावच्या पाण्याच्या टाकीच्या चावीवर, मग ती चावी ज्याच्या खिशात असते त्या माणसावर, तो कोणत्या गल्लीला आधी पाणी सोडतो आणि कोणत्या गल्लीला सोडतच नाही त्यावर. २०-२२ बार गेला असेल. मी कुठच्या कुठं राहिलो होतो. माझा फक्त एक शब्द त्याला कामाचा वाटला होता, तो त्यानं घेतला.

परतीच्या गाडीत गर्दी होती, आम्ही दाराशी उभे. मूर्तिजापूर आलं. त्याला दर्यापूरची शेवटची एसटी गाठायची होती. उतरला, चार पावलं गेला आणि परत वळून ओरडला, "दादा, थे फोनमधलं सोया बारचं डिलीट केलं काय?"

सोया म्हणजे सोळा.

गाडी हलली. मी हातानंच सांगितलं, नाही. आज हे बोलायच्या आधी पुन्हा उघडून पाहिलं. अजून तिथंच आहे.